खाजणाची साक्ष : कॅस्केडियाचा भूकंप आणि अलिखित इतिहासाचे प्रामाण्य

मुंबईच्या उत्तरेस नालासोपारा येथे एक मोठे टेकाड होते. परिसरातील लोक त्यास 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते टेकाड उकरले, तेव्हा आत कोट नव्हता. विटांचा स्तूप होता आणि त्याच्या गर्भात दगडी करंडक होता. या उत्खननाचा वृत्तान्त आमच्या बहुतेक वाचकांस परिचित आहे, म्हणून त्याचा विस्तार येथे करीत नाही. त्यातील एकाच गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. लोकस्मृतीने ते स्थळ जपले होते. येथे काही थोर होते, एवढे तिला पक्के ठाऊक होते. अर्थ मात्र शतकांच्या ओघात पालटला होता, आणि खरा अर्थ परत मिळाला तो मातीतून.

केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी जो उपदेश केला त्याचा अर्धाच भाग पुष्कळदा सांगितला जातो. एखादी गोष्ट ऐकीव आहे, परंपरेने आलेली आहे किंवा ग्रंथात आहे, एवढ्याच कारणाने ती सत्य मानू नये, हे आपण वारंवार उद्धृत करतो आणि ते योग्यच आहे. तथापि ती ऐकीव आहे एवढ्याच कारणाने ती असत्य ठरते, असे तेथे कोठेही सांगितलेले नाही. तपासून पाहावे, हा त्या उपदेशाचा गाभा आहे. ज्यांच्या पूर्वजांना लेखणी हाती धरू दिली गेली नाही, त्यांच्या दृष्टीने हा भेद केवळ तार्किक नाही. ज्या समाजाचे लिखित दप्तर नाही त्याची साक्ष कोणत्या कसोटीवर तपासावयाची, हा आपला नित्याचा प्रश्न आहे.

हाच प्रश्न पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस, उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, गेल्या चाळीस वर्षांत एका अगदी निराळ्या विद्याशाखेपुढे उभा राहिला. तेथे साक्ष तपासली गेली ती खाजणातील चिखलाच्या आधारे, आणि त्या तपासणीच्या निष्कर्षावर आज लक्षावधी माणसांचे जीवित अवलंबून आहे. प्रस्तुत लेखात त्या शोधाची हकीकत क्रमाने मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

शांत समजला गेलेला किनारा

कॅनडातील व्हँकूव्हर बेटापासून वॉशिंग्टन व ओरेगॉन या राज्यांच्या किनाऱ्याने कॅलिफोर्नियातील केप मेंडोसिनोपर्यंत सुमारे १००० किलोमीटर लांबीचा जो पट्टा आहे त्यास कॅस्केडिया म्हणतात. पृथ्वीचे कवच अनेक भूपट्टांचे बनलेले आहे हे आता शालेय पुस्तकांतही असते. येथे ह्वान दे फुका नावाचा लहानसा सागरी भूपट्ट वर्षाला सुमारे ४ सेंटिमीटर या गतीने उत्तर अमेरिकेच्या भूपट्टाखाली शिरतो आहे. चिली, अलास्का, जपान येथेही एक भूपट्ट दुसऱ्याखाली जातो, आणि त्या सर्व ठिकाणी महाभूकंप झालेले आहेत. कॅस्केडियात मात्र महाभूकंपाची एकही नोंद नव्हती.

परंतु नोंद होती तरी केव्हापासूनची? युरोपीय गलबते या किनाऱ्यावर १७७० च्या दशकात पोहोचली. म्हणजे ज्यास तेथे 'इतिहास' म्हटले जात होते तो जेमतेम दोनशे वर्षांचा होता. तेवढ्या अवधीत मोठा भूकंप झाला नाही, यावरून अनेक तज्ज्ञांनी असा तर्क केला की येथील भूपट्ट मऊ गाळाच्या वंगणावरून अलगद सरकत असावेत व त्यांत ताण साठतच नसावा. आमच्या मते येथे भूविज्ञानापेक्षा तर्कशास्त्राचीच चूक अधिक आहे. दप्तरात नाही म्हणजे घडलेच नाही, हा हेत्वाभास आपल्या देशातील इतिहासलेखनातही काही अपरिचित नाही.

वॉशिंग्टन राज्यात सॅटसॉप येथे अणुवीज केंद्र उभारण्याचे काम चालू असताना हा प्रश्न निकडीचा झाला. १९८४ साली टॉम हीटन व हिरू कानामोरी या भूकंपशास्त्रज्ञांनी कॅस्केडियाची तुलना जगातील इतर तशाच पट्ट्यांशी करून दाखविली आणि येथेही महाभूकंप होणे संभवते असा इशारा दिला. त्यांचा युक्तिवाद सबळ होता. पण तो तुलनेवर आधारलेला होता. प्रत्यक्ष पुरावा हवा होता.

चिखलाने काय सांगितले

हा पुरावा शोधण्यासाठी अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे ब्रायन ॲटवॉटर १९८६ साली वॉशिंग्टनच्या वायव्य टोकावरील नीह बे परिसरात गेले व पुढे दक्षिणेकडील विलापा बे या खाडीत लहान होडीतून हिंडले. त्यांची मुख्य हत्यारे म्हणजे फावडे आणि गाळात घुसवावयाची नळी.

कोकणातील वाचकांस खाजण म्हणजे काय हे सांगावयास नको. खाडीच्या कडेची ही जमीन समुद्रसपाटीच्या इतकी लगत असते की केवळ मोठ्या भरतीचे पाणी तिच्यावर येते. तिच्यावर खारे पाणी सोसणारे गवत वाढते, ते कुजून काळपट तपकिरी, मुळांनी विणलेली माती तयार होते. हीच जमीन हात-दोन हात खाली असती तर दररोजची भरती तिच्यावर राखाडी चिखल पसरीत राहिली असती व गवत उगवलेच नसते. अर्थात तपकिरी माती की राखाडी चिखल, एवढ्यावरून ती जमीन पूर्वी कोणत्या उंचीवर होती हे ठरविता येते. चिखलात डायाटम नावाच्या सूक्ष्म एकपेशीय शैवलांची काचेसारखी कवचे असतात. त्यांच्या काही जाती गोड्या पाण्यातील, काही खाजणातील, काही उघड्या समुद्रातील. सूक्ष्मदर्शकाखाली त्या ओळखल्या की उंचीचा हा अंदाज आणखी नेमका होतो.

ओहोटीच्या वेळी विलापा बे येथील खाड्यांचे उभे काठ उघडे पडतात. त्या काठांत ॲटवॉटर यांना जे दिसले ते असे : वर आजचे खाजण, त्याखाली राखाडी चिखलाचा जाड थर, आणि त्याच्या तळाशी पुन्हा तपकिरी, मुळांची माती. म्हणजे एक संपूर्ण जुने खाजण गाडले गेलेले. काही ठिकाणी त्या गाडलेल्या मातीच्या माथ्यावर, चिखल सुरू होण्यापूर्वी, वाळूचा एक पातळ पापुद्रा होता.

येथे शंका घेणे हे वाचकाचे कर्तव्य आहे. समुद्राची पातळी हळूहळू वाढूनही जुनी जमीन गाडली जाऊ शकते. तसे झाले असते तर तपकिरी माती क्रमाक्रमाने करडी होत चिखलात मिसळली असती. प्रत्यक्षात दोहोंमधील सीमा सुरीने कापल्यासारखी स्पष्ट होती. काही ठिकाणी तर जुन्या गवताची पाती, मूळ जमिनीत रुजलेल्या अवस्थेतच, वाळूत उभी सापडली. ती कुजण्यास सवडच मिळाली नव्हती. मग ही वाळू वादळाची असेल काय? वादळ वाळू आणून टाकते. पण जमीन खाली नेत नाही. वादळ सरले की त्याच उंचीवर पुन्हा गवत उगवते. येथे वाळू पडल्यानंतर दीर्घकाळ रोजच्या भरतीचा चिखल साचत राहिला होता. नदीचा पूर म्हणावा, तर वाळू नदीच्या वरच्या अंगास जाड व समुद्राकडे पातळ असावयास हवी होती. ती नेमकी उलट होती, आणि तिच्यात समुद्रातील डायाटम होते.

उरले ते एकच स्पष्टीकरण. जमीन एकाएकी खचली आणि लगोलग समुद्रातून लाट आली. भूपट्टांच्या यंत्रणेशी हे जुळते. खालचा भूपट्ट शिरताना वरच्यास अडकून राहतो व त्याची कड दाबून आत ओढतो. त्यामुळे बांबूची कांब वाकवावी तसा किनारा शतकानुशतके हळूहळू वर फुगतो. अडकलेला भाग सुटला की समुद्रतळावरील कड उसळी घेते व पाणी ढकलते, आणि फुगलेला किनारा काही मिनिटांत खाली बसतो. १९६० चा चिलीचा व १९६४ चा अलास्काचा भूकंप यांत किनाऱ्यावरील सखल जमीन अशीच खचल्याचे तेथील लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते, आणि तिच्यावर नंतर साचलेला चिखलही शास्त्रज्ञांनी तपासला होता. कॅस्केडियातील थर त्यांच्याशी पडताळून पाहता आले.

१९८७ साली ॲटवॉटर यांनी आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला : गेल्या ७००० वर्षांत वॉशिंग्टनच्या पश्चिम किनाऱ्यावरील हिरवी सखल जमीन निदान सहा वेळा चिखलाखाली गाडली गेली, प्रत्येक वेळी ती बहुधा अर्धा ते दोन मीटर खचली, आणि त्यांपैकी निदान तीन वेळा वाळू आणणारी त्सुनामीही आली.

या सर्व पुराव्यात आमच्या मनास विशेष भिडलेला भाग ओरेगॉनमधील सॅमन नदीच्या मुखाजवळचा आहे. तेथे काठावर मूळनिवासींच्या मासेमारीच्या मुक्कामातील चुली सापडल्या. कोळसा, भाजलेले दगड आणि त्यावर थेट त्सुनामीची वाळू. म्हणजे ही निर्जन अरण्याची हकीकत नाही.

भुतांचे वन आणि जपानची दप्तरे

घटना घडली हे ठरले. ती केव्हा घडली हे ठरावयाचे होते. वनस्पतीच्या अवशेषांतील किरणोत्सारी कार्बन ठरावीक गतीने क्षीण होत जातो व त्यावरून वय काढता येते, हे वाचकांस ठाऊक असेल. परंतु या पद्धतीस नेहमीच काही दशकांची चूकभूल असते. सर्वांत वरच्या गाडलेल्या खाजणाचे वय तिने सुमारे १६८० ते १७२० च्या दरम्यान दाखविले. याहून नेमके उत्तर झाडांनी दिले.

वॉशिंग्टनमधील कोपॅलिस नदीच्या काठी तांबड्या सीडर वृक्षांचे राखाडी, निष्पर्ण सांगाडे खाजणात उभे आहेत. लोक त्यास 'भुतांचे वन' म्हणतात. जमीन खचून खारे पाणी मुळाशी आले व हे वृक्ष मेले. सीडरचे लाकूड सहसा कुजत नाही म्हणून ते तीन शतके उभे राहिले. डेव्हिड यामागुची यांनी त्यांची वार्षिक वलये जवळच्या जिवंत वृक्षांच्या वलयांशी जुळविली. अडचण एवढीच होती की खोडांची बाहेरची वलये वाऱ्यापावसाने झिजली होती, त्यामुळे शेवटचे वर्ष निसटत होते. मग चिखल उपसून मुळे शोधण्यात आली. मुळांवर साल शाबूत होती. शेवटचे वलय १६९९ च्या हंगामाचे निघाले, आणि १७०० चा हंगाम सुरूच झाला नव्हता. वृक्षांचा मृत्यू ऑगस्ट १६९९ ते मे १७०० यांच्या दरम्यान झाला होता. हा निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाला.

त्याच्या एक वर्ष अगोदर, १९९६ साली, केंजी साताके व त्यांचे सहकारी जपानमधून एक तारीख सुचवून बसले होते. जपानच्या पूर्व किनाऱ्यावरील अनेक गावांच्या जुन्या दप्तरांत गेन्रोकु कालखंडाच्या बाराव्या वर्षातील बाराव्या महिन्यात, म्हणजे जानेवारी १७०० मध्ये, समुद्राचे पाणी गावांत शिरल्याच्या नोंदी आहेत. कुवागासाकी येथे १३ घरे पाण्याने गेली आणि त्याच रात्री लागलेल्या आगीत आणखी २० जळाली. मिहो गावच्या मुख्याने तर स्पष्टच लिहून ठेवले आहे की भूकंप जाणवला नसताना समुद्र असा का वागला हे त्यास उमगले नाही. जपानमध्ये भूकंपानंतर त्सुनामी येते हे लोकांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. ही मात्र जन्मदात्याविना आलेली, अनाथ त्सुनामी होती. साताके यांनी पॅसिफिकच्या इतर किनाऱ्यांची शक्यता एकेक करून दूर सारली. जपानला लाट पोहोचण्याची वेळ आणि महासागर ओलांडण्यास लागणारे सुमारे दहा तास यांचा हिशेब मांडून त्यांनी सांगितले की हा भूकंप २६ जानेवारी १७०० रोजी, कॅस्केडियाच्या स्थानिक वेळेनुसार रात्री ९ च्या सुमारास झाला; त्याची तीव्रता ९ च्या आसपास असावी.

त्या सुमारास इकडे औरंगजेबाच्या सैन्याचा साताऱ्याच्या किल्ल्यास वेढा पडलेला होता. आपल्याकडे त्या वेढ्याची बारीकसारीक माहिती आहे. तिकडे एका रात्रीत १००० किलोमीटरचा किनारा खचला, आणि त्याची तारीख कळावयास २९६ वर्षे लागली.

ज्यांनी पाहिले होते ते

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. त्या रात्री किनाऱ्यावर माणसे राहत होती. त्यांच्या वंशजांनी काहीच सांगितले नव्हते काय?

सांगितले होते. जेम्स स्वान नावाचा शिक्षक नीह बे येथे माकाह लोकांत राहत असे. जानेवारी १८६४ मध्ये बिली बाल्च या माकाह गृहस्थाने त्यास जुनी हकीकत सांगितली, ती त्याने आपल्या रोजनिशीत उतरून घेतली. समुद्राचे पाणी ओसरले, मग चढत गेले, वाच नदीचे मैदान बुडून पलीकडचे भूशिर बेट झाले, होड्या झाडांत अडकल्या, पुष्कळ माणसे मेली. स्वानला ही हकीकत खरी वाटली होती. १९८६ साली ॲटवॉटर यांनी ज्या परिसरात पहिले खड्डे खणले तो हाच. मध्ये १२२ वर्षे गेली.

व्हँकूव्हर बेटावरील हू-आय-आत लोकांचे प्रमुख लुई नुकमिस यांनी १९६४ साली पाचेना बे येथील हकीकत सांगितली. रात्रीची वेळ होती, धरणी हादरली, मग लाट आली. सखल वाळूवरील वस्तीतील लोकांना होड्यांपर्यंत पोहोचण्यासही अवसर मिळाला नाही; उंचावरील घरातील लोक तेवढे वाचले. रात्र होती, हे त्यांनी सांगितले साताके यांच्या गणिताच्या ३२ वर्षे अगोदर.

या किनाऱ्यावर सर्वत्र आणखी एक कथा आढळते : गरुडासारखा महाकाय मेघगर्जनेचा पक्षी आणि देवमासा यांचे युद्ध, ज्यात धरणी कापते व समुद्र जमिनीवर येतो. २००५ साली रूथ लडविन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कथा एकत्र करून, ज्यांत पिढ्यांचा उल्लेख आहे त्यांवरून काळ मोजला. तो १७०० च्या दोन्ही बाजूंस पसरलेला, पण त्यास सामावून घेणारा निघाला.

पक्षी व देवमासा यांवर आम्ही विश्वास ठेवावा काय? मुळीच नाही. परंतु कथेतील कारणमीमांसा आणि कथेतील निरीक्षण या दोन गोष्टी वेगळ्या काढता आल्या पाहिजेत. महापरिनिब्बान सुत्तात भूकंपाची आठ कारणे सांगितली आहेत. त्यांतील पहिले निखळ नैसर्गिक आहे : पृथ्वी जलावर, जल वायूवर आधारलेले, आणि वायू क्षुब्ध झाला की पृथ्वी कापते. त्या काळी उपलब्ध असलेल्या कल्पनेतून नैसर्गिक कारण शोधण्याचा तो प्रयत्न आहे. आजच्या भूपट्ट सिद्धान्ताशी त्याचा ओढूनताणून मेळ घालण्याचा काहींचा उत्साह आम्हांस मान्य नाही. तसेच महावंसातील कल्याणीच्या तिस्स राजाची कथा. राजाने निरपराध थेराचा वध केला म्हणून समुद्राने भूमी गिळली, असे तेथे सांगितले आहे. श्रीलंकेच्या आग्नेय किनाऱ्यावरील करगन येथील खाजणाच्या गाळात २००४ च्या वाळूखाली जुन्या त्सुनामींचे अनेक थर सापडले आहेत, हे सत्य आहे. म्हणून त्यांपैकी एखादा थर तिस्स राजाच्या नावावर मांडणे ही घाई होईल. समुद्र जमिनीवर येऊ शकतो हे त्या बेटास ठाऊक होते, एवढेच कथेवरून म्हणता येते, आणि तेवढे पुष्कळ आहे.

अमेरिकेतील मूळनिवासींची साक्ष खंडित का झाली हेही सांगितले पाहिजे. अठराव्या शतकाच्या अखेरीस देवीच्या साथींनी या किनाऱ्यावरील वस्त्या ओस पाडल्या. हकीकती जपणारी माणसेच गेली. पॉटलॅच नावाच्या ज्या समारंभात घराण्यांचे पूर्ववृत्त सर्वांसमक्ष सांगितले जाई, त्यावर कॅनडाच्या सरकारने १८८५ पासून कायद्याने बंदी घातली, ती १९५१ पर्यंत टिकली. मुलांना निवासी शाळांत घालून मातृभाषा बोलण्यास मज्जाव करण्यात आला. एखाद्या समाजाचे तोंड दाबावयाचे आणि मग त्याच्यापाशी इतिहास नाही असे म्हणावयाचे, ही रीत आमच्या वाचकांस नव्याने समजावून द्यावी लागेल असे वाटत नाही.

समुद्रतळावरील मोजदाद

खाजणात जुने थर क्रमशः अस्पष्ट होत जातात. विलापा बे येथे गेल्या ३५०० वर्षांतील सात भूकंपांचा क्रम लागला. दोहोंमधील सरासरी अंतर ५०० वर्षांहून थोडे अधिक भरते, पण प्रत्यक्ष अंतरे अतिशय विषम आहेत. त्याहून मागे जाण्यासाठी खोल समुद्रातील गाळ उपयोगी पडला. भूकंपाने समुद्रातील उतारांवरचा गाळ सुटतो, गढूळ लोट घळींतून खाली धावतो व तळावर वाळूमिश्रित थर टाकतो. ओरेगॉनमधील मझामा या ज्वालामुखीची सुमारे ७७०० वर्षांपूर्वीची राख या थरांत सापडते, ती मोजणीचा आरंभबिंदू ठरते. १९९० साली कॅनडाचे जॉन ॲडम्स यांनी दाखविले की एकमेकींपासून दूर असलेल्या घळींत राखेनंतरचे थर तेराच आहेत, आणि त्या घळी जेथे एकत्र मिळतात त्याच्या खालीही थर तेराच आहेत. लोट निरनिराळ्या वेळी सुटले असते तर संगमाखाली त्यांची बेरीज दिसली असती. बेरीज होत नाही, म्हणजे सर्व घळींतून लोट एकाच वेळी सुटले. इतका साधा व इतका बिनतोड युक्तिवाद विज्ञानात क्वचित वाचावयास मिळतो.

पुढे क्रिस गोल्डफिंगर यांच्या चमूने २०१२ साली १०,००० वर्षांतील ४१ भूकंपांची यादी मांडली, त्यांतील १९ संपूर्ण पट्टा हादरविणारे. ही यादी सर्वमान्य नाही. वादळांनीही लोट सुटू शकतात, दूरदूरचे थर एकच आहेत हे ठरविणे कठीण असते, असे आक्षेप घेतले गेले आणि आक्षेप घेणाऱ्यांत स्वतः ॲटवॉटरही होते. आपल्या निष्कर्षास पोषक पुराव्यावरही शंका घेणारा संशोधक आम्हांस अधिक विश्वासार्ह वाटतो.

ऐकणारे आणि न ऐकणारे

पुढील ५० वर्षांत कॅस्केडियात तसाच महाभूकंप होण्याची शक्यता सामान्यतः शेकडा १० ते १५ सांगितली जाते. पहिली लाट किनाऱ्यावर १५ ते ३० मिनिटांत येईल. १९९० च्या दशकात बांधकामाचे नियम कडक झाले; ओरेगॉनने १९९५ साली त्सुनामीच्या टापूत नव्या शाळा, रुग्णालये, अग्निशमन केंद्रे बांधण्यावर कायद्याने निर्बंध घातले. किनाऱ्यावरील गावांच्या विकासास ते जाचक होतात या कारणास्तव २०१९ साली तेच राज्य ते निर्बंध उठवून मोकळे झाले.

लिखित नोंद असली म्हणजे तरी माणसे ऐकतात काय? जपानमध्ये सेंदाईच्या मैदानावर इसवी सन ८६९ मध्ये आलेल्या जोगान त्सुनामीची नोंद राजकीय इतिहासग्रंथात आहे. १९९० नंतर तिची वाळू शेतांखाली किनाऱ्यापासून काही किलोमीटर आत सापडली. २००९ साली भूवैज्ञानिक युकिनोबु ओकामुरा यांनी अणुवीज केंद्रांच्या सुरक्षिततेसंबंधीच्या बैठकीत या वाळूचा प्रश्न उपस्थित केला. त्यावर निकडीने काही झाले नाही. ११ मार्च २०११ रोजी त्याच किनाऱ्यावर त्सुनामी आली, १८,००० हून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली आणि फुकुशिमाचे केंद्र बुडाले. तेथे ग्रंथही होता आणि गाळही होता.

थायलंडमधील फ्रा थोंग बेटावर ग्रंथ नव्हता. २००४ च्या त्सुनामीनंतर तेथील दलदलीत खणले असता तिच्या वाळूखाली ५५० ते ७०० वर्षांपूर्वीच्या अगदी तशाच वाळूचा थर निघाला. त्या शोधनिबंधाच्या लेखकांत ॲटवॉटर यांचेही नाव आहे. तो २००८ साली प्रसिद्ध झाला. चार वर्षे आधी झाला असता तर, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

वॉशिंग्टन राज्यात वेस्टपोर्टजवळील ओकोस्टा शाळेच्या मतदारांनी २०१३ साली स्वतःवर कर लादून घेण्यास संमती दिली आणि २०१६ साली तेथे अशी इमारत उभी राहिली की भूकंपानंतर सुमारे १००० माणसे तिच्या छतावर आश्रय घेऊ शकतील. उत्तरेकडे किनॉल्ट लोकांनी ताहोला येथील आपली सखल वस्ती टेकडीवर हलविण्याचे काम हाती घेतले आहे. विलापा बे या खाडीचे जुने नाव शोलवॉटर बे. तिच्या काठी त्याच नावाची मूळनिवासी जमात राहते. ज्या खाडीच्या चिखलात ॲटवॉटर यांनी गाडलेली खाजणे मोजली, तिच्याच मुखाशी टोकलँड येथे या जमातीने २०२२ साली ५० फूट उंचीचा मनोरा बांधून पूर्ण केला. त्यावर ४०० हून अधिक माणसे उभी राहू शकतात. तो जमातीच्या लोकांसाठी आहे, आणि शेजारच्या गावातील इतर सर्वांसाठीही खुला ठेवला आहे.